नासिरभाईच्या पोरीची दवा

बातमी छापून आली आणि दोनच दिवसांत मदिहाला कॉलेजच्या पुढच्या फाटकातून आत जाववेना. मागच्या बाजूला, रोपवाटिकेच्या कुंपणात, एक लहानसं लोखंडी दार होतं. सफाईचं काम करणाऱ्या निर्मलाबाईंकडून तिने त्याची किल्ली मागून घेतली. आठ दिवस ती त्याच दाराने येत होती आणि त्याच दाराने बाहेर पडत होती.

बातमी चार कॉलमांची होती. 'डेंग्यूवर नंदुरबारात औषध' असा मथळा, आणि खाली हातात पिपेट धरलेला तिचा फोटो. ओढणी जरा सरकलेली, डोळे अर्धवट मिटलेले. कॉलेजच्या संशोधन मेळाव्यात तिच्या मार्गदर्शक प्रतिभा मॅडम बोलल्या होत्या, ते बातमीदाराने टिपून घेतलं होतं. मॅडम म्हणाल्या होत्या, "आमच्या पेप्टाइडमुळे डेंग्यूच्या विषाणूचं एक एन्झाइम चौऱ्याण्णव टक्के थांबतं, परीक्षानळीत." शेवटचा शब्द बातमीत आलाच नाही.

त्याच भाषणात मॅडमनी समोरच्या पाहुण्यांना कळावं म्हणून अडकित्त्याचा दाखला दिला होता. डेंग्यूचा विषाणू माणसाच्या पेशीत शिरला की आपली सगळी प्रथिनं एकाच लांबलचक साखळीत बनवतो. ती साखळी नेमक्या जागी तोडली नाही तर त्याचं पुढचं काम अडतं. तोडणारा अडकित्ता म्हणजे हे एन्झाइम. पेप्टाइड म्हणजे कारखान्यात जुळवलेला प्रथिनाचाच एक बारीक तुकडा. तो सुपारीसारखा दिसतो म्हणून अडकित्त्याच्या पात्यांत जाऊन बसतो, पण तुटत नाही. मग पाती मिटत नाहीत. मदिहाच्या प्रयोगशाळेत विषाणू नव्हताच, नुसता अडकित्ता होता, जिवाणूंकडून बनवून घेतलेला आणि गोठवून ठेवलेला. आणि बोटभर उंचीच्या कुपीत तळाला चिकटलेली, मिठासारखी पांढरी पूड होती. कुपीवर लिहिलं होतं, 'फक्त प्रयोगशाळेतील संशोधनासाठी'.

हे सगळं तिने घरी अब्बांना दोनदा समजावून सांगितलं होतं. नासिरभाईंनी दोन्ही वेळा मान डोलावली आणि दुकानात जाऊन आपल्या मनासारखंच सांगितलं.

नासिरभाईंचं दुकान जीपगाड्यांच्या सीट शिवायचं. धडगाव, मोलगी, तळोदा, जिकडे वडाप चालतं तिकडच्या निम्म्या गाड्यांची गादी त्यांच्या हातची. रेक्झीन फाटलं, स्पंज बसला, की ड्रायव्हर त्यांच्याकडे येणार, शिवण होईपर्यंत चहा पीत बसणार. नासिरभाईंनी बातमीला प्लास्टिक चढवून ती शिलाईयंत्राच्या वर लावली होती. येणाऱ्या प्रत्येकाला ते म्हणत, "मन्ही पोरनी दवा काढी भाऊ. डेंग्यूनी."

"अब्बा, दवा नाही ती," मदिहा म्हणाली होती.

"आज नही ते उद्या व्हई," ते म्हणाले, आणि दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करून सुईत ओवत राहिले.

पाऊस नुकताच सरला होता. जिथे तिथे पाणी साचलेलं, आणि तापाची साथ. दुसऱ्या दिवसापासून लोक येऊ लागले. शहाद्याकडचा एक केळीवाला शेतकरी फाटकाशी भेटला. मुलाच्या प्लेटलेट्स उतरल्या आहेत, एक डोस द्या म्हणाला. कुणी फोन करायचं, कुणी घरी अम्मीला गाठायचं. मदिहा प्रत्येकाला तेच सांगायची, की हे औषध नाही, दवाखान्यात जा. लोक ऐकून घ्यायचे, पण त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं, की आहे, पण आपल्याला देत नाहीयेत. म्हणून तिने मागचं दार धरलं.

पण तिची झोप उडाली होती ती नुसत्या लोकांमुळे नव्हे. तिला तो आलेख छळत होता.

पेप्टाइडची मात्रा हळूहळू वाढवत नेली की एन्झाइमचं काम हळूहळू कमी व्हायला हवं, उतरणीसारखं. तिच्या आलेखात उतरण नव्हती, कडा होता. कमी मात्रेला काहीच फरक नाही, मधल्या मात्रेलाही जेमतेम, आणि मग एकदम सगळं बंद. पहिल्याच दिवशी हे तिच्या नजरेत आलं होतं. पण चौऱ्याण्णवचा आकडा पाहून मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि ती बोलली नाही. नंतर बातमी आली. मग बोलणं आणखी अवघड झालं. जेवताना, वेणी घालताना, नमाजाला उभी असतानासुद्धा तो कडा डोळ्यांपुढे यायचा आणि तिची बोटं आपोआप एकमेकांत गुंतायची.

नवव्या दिवशी, मंगळवारी, ती साडेआठलाच प्रयोगशाळेत पोचली. मॅडम विद्यापीठात मीटिंगला गेल्या होत्या, दुपारी यायच्या होत्या. मदिहाने पंखा लावला, बंद केला, पुन्हा लावला. एन्झाइम बर्फात ठेवलं. नळ्या मांडल्या. पेप्टाइड पाण्यात विरघळवून वाढत्या मात्रेत घातलं. एन्झाइमने आपलं काम केलं की द्रावणात निळसर चकाकी येते, ती यंत्रावर मोजायची. तासाभराने आकडे आले ते तसेच. पहिल्या पाच नळ्या चकाकल्या, शेवटच्या दोन अंधाऱ्या.

ती खिडकीशी गेली. परत आली. स्टुलावर बसली, उठली. कपाट उघडून कंपनीकडून कुपीबरोबर आलेला कागद काढला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. हा कागद तिने आधी वाचला नव्हता असं नाही. पण शुद्धता किती, वजन किती, एवढंच बघून घडी घातली होती. खाली बारीक अक्षरांत होतं, की बनवताना वापरलेल्या आम्लाचा अंश या पुडीत उरतो, प्रयोगाआधी द्रावणाचा पीएच तपासावा.

पीएच तिने तपासला होता. पण पेप्टाइड घालायच्या आधी.

तिने पीएचच्या पट्ट्यांची डबी काढली. पहिल्या नळीतला एक थेंब पट्टीवर ठेवला. पट्टी हिरवट निळी झाली, व्हायला हवी तशी. तिसरी नळी, पाचवी नळी, निळा रंग जरा फिका. सहाव्या नळीचा थेंब पडला आणि पट्टी पिवळी झाली. सातवीला नारिंगी.

मदिहा पट्टीकडे बघत राहिली. अडकित्त्याच्या पात्यांत काहीएक बसलं नव्हतं. आम्लात पडून अडकित्ताच गंजून गेला होता. लिंबू पिळलं असतं तरी हेच झालं असतं.

तिने खात्रीसाठी दुसरी पट्टी घेतली, मग तिसरी. आधी वाटलं, कुणाला सांगू नये. मग वाटलं, आत्ताच्या आत्ता मॅडमना फोन करावा. फोन हातात घेतला आणि तेवढ्यात दारात निर्मलाबाई आल्या, झाडू बगलेत धरून.

"पोरी, पुढला गेटले एक पावरी बाई बठेल शे, सकायपाशीन," त्या म्हणाल्या. "संगे तिना नवरा शे. तुन्हं नाव ली ऱ्हायनात. माले वाटनं तू भेटनी व्हशी."

"सकाळपासून म्हणजे?"

"मी झाडाले उनू तैन्हनी. साडेआठ व्हई."

घड्याळात अकरा वाजून गेले होते.

मदिहा तशीच, अंगातला पांढरा कोट न काढता, पुढच्या फाटकाकडे धावली. फाटकाबाहेर कडुनिंबाखाली एक माणूस उकिडवा बसला होता. शेजारी गोधडीवर एक बाई कुशीवर पडलेली, गुडघे पोटाशी घेऊन. त्याच्या हातात दवाखान्याचा कागद होता, घडी घालून घालून मऊ झालेला. कोट पाहून तो उठला.

"तू नासिरभाईची पोर ना?" तो म्हणाला. त्याचं मराठी थांबत थांबत येत होतं. "मी करमसिंग. धडगावच्या वरून आलो. ही फुलीबाई, माझी बायको. धडगावच्या डॉक्टरने सांगितलं, नंदुरबारच्या मोठ्या दवाखान्यात ने. जीपवाल्याने सांगितलं, आधी कॉलेजात जा, तिथे दवा आहे. तर मी इथे आलो."

"अँब्युलन्स नाही मिळाली?"

"दुसऱ्या गावाला गेली होती. मग जीप पकडली."

मदिहा खाली बसली. फुलीबाईचा हात हातात घेतला. तिला वाटलं होतं तापाने फणफणलेला असेल. हात गार होता, ओलसर गार. बाईने डोळे उघडले, काहीतरी पुटपुटली आणि पोट दाबून धरलं.

"पोटात दुखतं म्हणते," करमसिंग म्हणाला. "दोनदा ओकली. पण ताप उतरला. पहाटेच उतरला. म्हणून मी म्हटलं, घाई नाही, ताई येईल तोवर बसू."

डेंग्यूत ताप उतरल्यावरच खरा धोका असतो, हे मदिहाने प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात लिहिलं होतं. तिथे ते एक वाक्य होतं. इथे तिच्या बोटांखाली नाडी लागत होती, भरभर आणि दोऱ्यासारखी बारीक.

"उठा," ती म्हणाली. "दवाखान्यात जायचं."

"पण दवा?"

"माझ्याकडे दवा नाही, करमसिंगभाऊ. नव्हतीच. उचला त्यांना."

वाद न घालता करमसिंगने बायकोला दोन्ही हातांवर उचललं. निर्मलाबाईंनी रस्त्यात आडवं उभं राहून रिक्षा थांबवली. आतली सवारी खाली उतरवून तिघं बसली. फुलीबाईचं डोकं मदिहाच्या मांडीवर होतं. रिक्षा गतिरोधकावरून गेली की ती कण्हायची. मदिहा दर मिनिटाला तिच्या मनगटावर बोटं ठेवत होती आणि रिक्षावाल्याला सांगत होती, जरा जोरात, नाही, जरा हळू.

जिल्हा रुग्णालयात अपघात विभागातल्या डॉक्टर तरुण होत्या. रक्तदाब पाहिला आणि लगेच दोन्ही हातांना सलाईन लावायला सांगितलं. सिस्टर सुई टोचत असताना त्यांनी कागद वाचला.

"ताप कधी उतरला?"

"पहाटे," करमसिंग म्हणाला.

"मग आत्तापर्यंत होतात कुठे?"

करमसिंगने मदिहाकडे पाहिलं. डॉक्टरांनीही पाहिलं, तिच्या पांढऱ्या कोटाकडे.

"माझ्याकडे बसले होते," मदिहा म्हणाली. "कॉलेजच्या फाटकावर. पेपरातली बातमी ऐकून. मला माहीत नव्हतं."

डॉक्टर फक्त म्हणाल्या, "बाहेर थांबा." ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

बाहेर बाकावर मदिहाला बसवेना. ती कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची, औषधांच्या खिडकीशी वळायची आणि परत यायची. अडीच तास. मागच्या दाराने न येता पुढून आली असती, तर ते दोघं साडेआठलाच दिसले असते. ती फरशीवरचे चौकोन ओलांडत होती आणि प्रत्येक चौकोनाला तेच आठवत होतं. करमसिंग मात्र भिंतीला टेकून निश्चल बसला होता. एकदा त्याने विचारलं, "ताई, तुझं कोण आजारी आहे का?" तिला आधी कळलंच नाही. मग कळलं, की तिची येरझार पाहून तो विचारतो आहे.

तीनच्या सुमारास डॉक्टर बाहेर आल्या. रक्तदाब जरा वर आला आहे, म्हणाल्या, पण पुढचे दोन दिवस काही सांगता येत नाही. लघवी किती होते त्यावर लक्ष ठेवायचं. करमसिंगला बोलावून त्यांनी मापाचं भांडं दाखवलं.

मदिहा तिथून निघाली ती थेट कॉलेजात. प्रतिभा मॅडम नुकत्याच आल्या होत्या, पर्स अजून खांद्यालाच होती. मदिहाने पट्ट्या त्यांच्यासमोर टेबलावर ओळीने ठेवल्या. तोवर रंग सुकून मळकट झाले होते, पण फरक दिसत होता.

"आम्ल आहे, मॅडम. पेप्टाइड नाही. चूक माझी आहे, मी नंतर पीएच बघितलाच नाही. आणि आलेख पहिल्या दिवसापासून खटकत होता, तरी बोलले नाही."

मॅडम खुर्चीत बसल्या. पर्स मांडीवर घेतली. एकेक पट्टी उचलून पाहिली.

"मी स्टेजवरून बोलले आहे, मदिहा," त्या म्हणाल्या. "परिषदेला गोषवारा गेलाय. कुलगुरूंनी फोन करून अभिनंदन केलं. आज तिथे सगळ्यांनी पेढे खाल्ले."

"हो, मॅडम."

"खटकत होता, तर बोलायचं होतंस." मॅडम म्हणाल्या. "आणि मीही विचारायला हवं होतं. आलेख मलाही दिसत होता."

मग त्यांनी साडीचा पदर खोचला. "आम्ल मारून पुन्हा कर. मी बसते."

मदिहाने पेप्टाइडच्या द्रावणात थेंब थेंब अल्कली घातलं, पट्टी पुन्हा निळी येईतो. नळ्या नव्याने मांडल्या. मॅडम शेजारच्या स्टुलावर बसून वेळ बघत होत्या. साडेपाचला आकडे आले. सातही नळ्या चकाकत होत्या. सगळ्यात जास्त मात्रेला एन्झाइमचं काम कमी झालं होतं ते शंभरातलं बारा. पण यावेळी आलेखाला कडा नव्हता. अगदी मंद, पण उतरण होती.

"बारा," मॅडम म्हणाल्या. त्यांनी वहीत आकडा लिहून घेतला, खाली सही केली आणि कॉम्प्युटर सुरू केला. परिषदेला गोषवारा मागे घेत असल्याचं पत्र लिहिलं, कुलगुरूंना वेगळं लिहिलं. वर्तमानपत्राला तिसरं. पहिल्या वाक्यात 'आमच्याकडून झालेली चूक' असे शब्द होते. मदिहाला वाटलं होतं, तिथे आपलं नाव येईल. आलं नाही.

वर्तमानपत्राने तीन दिवसांनी सातव्या पानावर चार ओळी छापल्या. त्या कुणी वाचल्या असतील असं वाटत नव्हतं.

तोवर फुलीबाई उठून बसली होती. दुसरा दिवस कठीण गेला, हिरड्यांतून रक्त आलं, रक्ताची पिशवी लावावी लागली. तिसऱ्या दिवशी तिने भाकरी मागितली. मदिहा सकाळ-संध्याकाळ जात होती. पुढच्या दाराने, वॉर्डातून सरळ. फुलीबाईला घरी सोडलं त्या दिवशी करमसिंग तिला म्हणाला, "ताई, तुझी दवा लागू पडली."

"ती माझी दवा नव्हती. मिठाचं पाणी होतं आणि डॉक्टर होते."

"बरं," तो म्हणाला, समजूतदारपणे. गुपित राखायचं असेल तर राखू या, अशा आवाजात.

मदिहा तशीच अब्बांच्या दुकानात गेली. एका जीपची मागची सीट उलटी करून नासिरभाई खिळे काढत होते, दोन ड्रायव्हर बाकावर होते. एक जण म्हणाला, "नासिरभाई, धडगावनी बाई बरी व्हयनी म्हने तुन्ही पोरनी दवाघाई."

मदिहाने सगळं तिथेच सांगितलं. आम्ल, पट्ट्या, गार पडलेला हात, डॉक्टरांनी विचारलेला प्रश्न. दोघं ड्रायव्हर ऐकत होते. नासिरभाई पक्कड हातात तशीच धरून उभे राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला, मग उतरला.

"त्या बाईले काही व्हयनं असतं ते?" त्यांनी विचारलं.



ते यंत्रापाशी गेले, बातमी भिंतीवरून उतरवली आणि कातरलेल्या रेक्झीनच्या ढिगात टाकली. मग बाकावरच्या दोघांसमोर येऊन, आधी ज्या आवाजात कौतुक सांगत त्याच आवाजात म्हणाले, "भाऊ, ती दवा नही शे. मीच चुकीनं सांगं. ताप उना का सरळ दवाखानाम्हा लई जा, वाटम्हा कोठेच उतारू नका." त्या आठवड्यात जेवढ्या गाड्या आल्या त्या सगळ्यांना त्यांनी हे सांगितलं. एक-दोघे हसले. नासिरभाई हसले नाहीत.

पंधरा दिवसांनी, रविवारी, मदिहा धडगावच्या जीपमध्ये बसली. करमसिंगच्या पाड्यावर आपण स्वतः जाऊन सांगितल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं. घाट चढून धडगाव, तिथून दुसरी जीप, मग उरलेली वाट पायी. फुलीबाई अंगणात मक्याची कणसं सोलत होती. गालफडं अजून बसलेली, पण उठून तिने तांब्या भरून पाणी आणलं. शेजारपाजारची दहा-बारा माणसं जमली. करमसिंग मदिहाचं बोलणं त्यांच्या पावरी बोलीत सांगत गेला.

"मग तू तिथे करतेस काय?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

तिने अडकित्त्याचं सांगितलं. शंभरातले बारा, हेही सांगितलं.

"म्हणजे अठ्ठ्याऐंशी वेळा तो तोडतोच," करमसिंग म्हणाला.

"हो."

"बारावरून पुढे जाईल?"

"माहीत नाही. आता त्या तुकड्यातली एक कडी बदलून बघणार आहे. कदाचित बाराचे पाच होतील."

म्हाताऱ्याने मान हलवली. हे त्याला पटल्यासारखं दिसलं. निदान त्या गुपित राखणाऱ्या 'बरं'पेक्षा वेगळं होतं.

परत धडगावला आली तेव्हा ऊन कलत होतं. नंदुरबारची जीप उभी होती, आणि ड्रायव्हर बोनेटला टेकून सवाऱ्यांची वाट बघत होता. मागच्या सीटवर एक बाई, तिच्या खांद्यावर पाच-सहा वर्षांची मुलगी, मान टाकलेली. मदिहाने आत चढून विचारलं, कुठे निघालात. बाई म्हणाली, नंदुरबारला, दवाखान्यात, इथल्या डॉक्टरने चिठ्ठी दिली आहे. दुसरं काहीच ती म्हणाली नाही, कॉलेजचं नाव नाही, दवेचं नाही.

मदिहाने मुलीचा तळवा हातात घेतला. गरम होता, पण बोटांची टोकं गार लागली की काय, ते तिला नीट कळेना. तिने पुन्हा धरून पाहिलं.

"ताप कितवा दिवस?"

"चौथा."

जीपमध्ये अजून सात जागा रिकाम्या होत्या. ड्रायव्हर शहादा, नंदुरबार अशा हाका देत होता. मदिहा खाली उतरून त्याच्यापाशी गेली.

"भाऊ, जीप भरायची वाट नका पाहू," ती म्हणाली. "आत्ताच काढा."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मागे मुलीकडे पाहिलं, आणि बोनेटवरचा हात काढून स्टिअरिंगवर जाऊन बसला.